एक वास्तू, अनेक नोंदी : सिमँटिक वेबसाठी ऑन्टॉलॉजींची तौलनिक पारख

देशातील संग्रहालये, ग्रंथालये, पुराभिलेखागारे आणि शासकीय कार्यालये यांच्याकडील माहिती गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर संगणकावर आली. कागदावरील नोंदवह्यांची जागा डेटाबेसने घेतली आणि अनेक संस्थांचे संग्रह महाजालावर उपलब्ध झाले. परंतु माहिती संगणकावर येणे आणि संगणकाला ती उमगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकाच वस्तूविषयीच्या नोंदी पाच संस्थांकडे पाच प्रकारे असतील, तर त्या एकाच वस्तूच्या आहेत हे माणूस थोड्या चौकशीने ओळखतो. संगणकाला मात्र ते आपोआप कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘सिमँटिक वेब’ म्हणजे अर्थाधिष्ठित महाजाल ही कल्पना पुढे आली. ‘ऑन्टॉलॉजी’ हा तिचा कणा होय.

आज अडचण ऑन्टॉलॉजींच्या अभावाची नाही, त्यांच्या वैपुल्याची आहे. एकाच विषयासाठी अनेक ऑन्टॉलॉजी उपलब्ध असताना त्यांपैकी कोणती स्वीकारावी, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे उभा राहतो. निवड चुकली तर वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने भरलेली माहिती पुन्हा भरावी लागते आणि त्यासाठी झालेला सार्वजनिक खर्च वाया जातो. म्हणूनच ऑन्टॉलॉजींची तुलना कोणत्या निकषांवर करावी, हे समजून घेणे अगत्याचे ठरते. कोलकात्याच्या बालीगंज भागातील एका वास्तूच्या उदाहरणावरून हा विषय अधिक स्पष्ट होऊ शकेल.

बालीगंजमधील वास्तू

बालीगंज भागात १९-अ, गुरुसदय रोड या पत्त्यावर बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या आधिपत्याखाली २ मे १९५९ रोजी ते जनतेसाठी खुले झाले. १९६५ मध्ये येथूनच फिरत्या विज्ञान प्रदर्शनाचा उपक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाल्यावर हे संग्रहालय त्या परिषदेकडे आले. मुंबईत वरळी येथे असलेले नेहरू विज्ञान केंद्रही याच परिषदेचे आहे.

संग्रहालयाचा इतिहास १९५९ पासून सुरू होतो, जागेचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. ही जागा एकेकाळी ठाकूर कुटुंबाकडे होती. पुढे ती बिर्ला कुटुंबाकडे आली, ‘बिर्ला पार्क’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि घनश्यामदास बिर्ला यांनी ती संग्रहालयासाठी दिली. रस्त्याचे जुने नाव ओल्ड बालीगंज स्टोअर रोड असे होते. सध्याचे नाव सनदी अधिकारी, लोककलांचे संग्राहक आणि ब्रतचारी चळवळीचे प्रवर्तक गुरुसदय दत्त यांच्यावरून पडले आहे. त्यांनी जमविलेल्या लोककलावस्तूंचे ‘गुरुसदय संग्रहालय’ शहराच्या दक्षिणेस जोका येथे आहे.

या परिसराशी महाराष्ट्राचाही एक धागा जोडलेला आहे. भारतीय सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय, रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ ठाकूर यांची नेमणूक मुंबई प्रांतात झाली होती. ते १८९७ मध्ये साताऱ्याचे न्यायाधीश असताना निवृत्त झाले आणि कोलकात्यास परतल्यावर प्रथम पार्क स्ट्रीट व नंतर बालीगंज येथे राहिले. तुकारामांच्या अभंगांचे त्यांनी बंगालीत भाषांतर केले. मुंबई प्रांताच्या इंग्रजी नोंदींत त्यांचे आडनाव ‘टागोर’, बंगालीत ‘ठाकुर’, तर मराठी ग्रंथांत ‘ठाकूर’ किंवा ‘टागोर’ असे आढळते.

अशा या एका जागेविषयीची माहिती संग्रहालयाच्या दप्तरात, महापालिकेच्या नोंदींत, ठाकूर कुटुंबाविषयीच्या ग्रंथांच्या सूचींत, पर्यटनविषयक संकेतस्थळांवर आणि नकाशांत विखुरलेली राहणे स्वाभाविक आहे. ती जोडायची कशी, हा ऑन्टॉलॉजीचा विषय आहे.

ऑन्टॉलॉजी म्हणजे काय?

तत्त्वज्ञानात ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणजे सत्ताशास्त्र, अर्थात जे अस्तित्वात आहे त्याचे स्वरूप शोधणारे शास्त्र. संगणकशास्त्राने हा शब्द अधिक मर्यादित अर्थाने घेतला. एखाद्या विषयात कोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत, त्यांच्यात कोणते संबंध संभवतात आणि त्या संबंधांना कोणते नियम लागू पडतात, याचे यंत्राला वाचता येईल असे सर्वसंमत निवेदन म्हणजे ऑन्टॉलॉजी होय.

साधी यादी, वर्गीकरण, पारिभाषिक कोश आणि ऑन्टॉलॉजी या चढत्या पायऱ्या आहेत. यादी केवळ नावे देते. वर्गीकरण ‘हे त्याच्या पोटात’ एवढे सांगते. पारिभाषिक कोश समानार्थी, व्यापक आणि संकुचित शब्द जोडतो. ऑन्टॉलॉजी याच्या पुढे जाऊन नियम मांडते. उदाहरणार्थ, प्रत्येक संग्रहालयाला एक स्थान असते, व्यक्ती ही स्थान असू शकत नाही, आणि हस्तांतर या घटनेत देणारा व घेणारा असे दोन पक्ष असतात. या नियमांच्या आधारे संगणक स्पष्टपणे न लिहिलेला निष्कर्षही काढू शकतो.

ज्ञानाची अशी पैलूवार मांडणी करण्याची परंपरा भारताला नवी नाही. ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीत विषयाचे व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काल या मूलभूत पैलूंत विश्लेषण करण्याचा विचार पुढे विकसित झाला. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९६२ मध्ये रंगनाथन यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले.

सिमँटिक वेबचा व्यापक परिचय टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्या मे २००१ मधील लेखाने जगाला झाला. त्याचे मूलभूत एकक ‘त्रिपद’ हे आहे. प्रत्येक विधान कर्ता, संबंध आणि कर्म अशा तीन पदांत मांडले जाते : ‘संग्रहालय – स्थित आहे – बालीगंज’. या पद्धतीला आरडीएफ म्हणतात आणि वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने तिला १९९९ मध्ये प्रथम मान्यता दिली. ऑन्टॉलॉजी लिहिण्यासाठीची ‘आउल’ ही भाषा २००४ मध्ये आणि तिची सुधारित आवृत्ती २००९ मध्ये मान्य झाली. प्रत्येक पदाला महाजालावरील एक कायम पत्ता देण्यात येत असल्यामुळे वेगवेगळ्या संस्थांची विधाने एकमेकांना जोडता येतात.

तुलनेचा आरंभ : प्रश्न

‘सर्वांत चांगली ऑन्टॉलॉजी कोणती?’ हा प्रश्न निरर्थक आहे. तिचा उपयोग कशासाठी करावयाचा आहे, हे ठरल्याखेरीज तिची पारख होऊ शकत नाही. म्हणून तज्ज्ञ प्रथम ‘क्षमता-प्रश्न’ लिहून काढतात. ऑन्टॉलॉजीच्या आधारे रचलेल्या प्रणालीने ज्यांची उत्तरे दिलीच पाहिजेत, असे हे प्रश्न असतात. बालीगंजच्या वास्तूबाबत ते पुढीलप्रमाणे असू शकतील :

१. हे संग्रहालय कोठे आहे आणि तेथे काय पाहावयास मिळते?
२. संग्रहालय होण्यापूर्वी ही जागा कोणाकोणाकडे होती आणि ती कशी हस्तांतरित झाली?
३. ‘ओल्ड बालीगंज स्टोअर रोड’ असा उल्लेख असलेली जुनी कागदपत्रे आजच्या कोणत्या पत्त्याशी संबंधित आहेत?
४. ‘गुरुसदय’ हे नाव आलेल्या नोंदींपैकी व्यक्तीविषयीच्या कोणत्या, रस्त्याविषयीच्या कोणत्या आणि संग्रहालयाविषयीच्या कोणत्या?
५. मराठी, बंगाली, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत शोध घेतला तरी हीच माहिती मिळेल काय?

हे पाच प्रश्न समोर ठेवून प्रचलित पर्यायांची तुलना केली असता त्यांची बलस्थाने आणि मर्यादा ठळकपणे दिसून येतात.

डब्लिन कोअर : साधेपणाचे बळ

अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन येथे १९९५ मध्ये झालेल्या कार्यशाळेतून डब्लिन कोअर हा संच निर्माण झाला. शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, दिनांक, भाषा, व्याप्ती, हक्क अशा अवघ्या १५ घटकांचा हा संच आहे. २००३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. काटेकोर अर्थाने ही ऑन्टॉलॉजी नव्हे, तर मेटाडेटाचा म्हणजे माहितीविषयीच्या माहितीचा संच आहे. तरीही सिमँटिक वेबवर त्याचा वापर फार मोठा आहे.

एखाद्या छायाचित्राची किंवा पुस्तकाची नोंद करण्यासाठी तो पुरेसा ठरतो आणि थोड्या प्रशिक्षणाने कोणताही कर्मचारी तो वापरू शकतो. परंतु बालीगंजच्या जागेचा इतिहास त्यात मांडावयाचा झाल्यास अडचण येते. ‘दिनांक’ या एका घटकात १९५९ लिहावे की बांधकामाचे वर्ष लिहावे? ‘निर्माता’ म्हणजे वास्तुरचनाकार, देणगीदार की परिषद? सगळे तपशील ‘वर्णन’ या रकान्यात लिहिले, तर माणसाला ते वाचता येतात, पण यंत्राला त्यांतील हस्तांतराचा क्रम कळत नाही. पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर डब्लिन कोअर देते, दुसऱ्याचे देत नाही.

स्कीमा डॉट ऑर्ग : शोधयंत्रांची भाषा

गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी जून २०११ मध्ये ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा शब्दसंच सुरू केला. संकेतस्थळावरील मजकुराचा अर्थ शोधयंत्रांना समजावा, हा त्यामागील हेतू होता. त्यात संग्रहालय, ऐतिहासिक इमारत, टपाल पत्ता, उघडण्याच्या वेळा, प्रवेशशुल्क यांसाठी तयार प्रकार आहेत. संग्रहालयाच्या संकेतस्थळाने हा संच वापरला, तर पर्यटकाला वेळ, पत्ता व नकाशा सहज मिळू शकतो.

मात्र हा संच ‘आज काय आहे’ हे सांगण्यासाठी घडविलेला आहे. मालकीची परंपरा, नामांतरे आणि इतिहासातील अनिश्चितता यांना त्यात फारसे स्थान नाही. नागरिकांना सेवा देणाऱ्या संकेतस्थळासाठी तो उत्तम, तर वारशाच्या दस्तऐवजीकरणासाठी अपुरा, असा त्याचा निर्वाळा देता येईल.

सायडॉक सीआरएम : घटनांची साखळी

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या प्रलेखन समितीने विकसित केलेले ‘सायडॉक संकल्पनात्मक संदर्भ प्रतिमान’ सांस्कृतिक वारशासाठी आहे. २००६ मध्ये त्याला आयएसओ २११२७ हा मानकक्रमांक मिळाला. त्यात सुमारे ८० वर्ग आणि दीडशेहून अधिक गुणधर्म आहेत. वस्तूऐवजी ‘घटना’ केंद्रस्थानी ठेवणे हे त्याचे वैशिष्ट्य होय.

या प्रतिमानात ‘वास्तूचा मालक अमुक’ एवढ्यावर भागवावे लागत नाही. ‘संपादन’ नावाची एक घटना नोंदविता येते. तिला कालावधी असतो, देणारा असतो, घेणारा असतो आणि ज्याचे हस्तांतर झाले ती वस्तू असते. ठाकूर कुटुंबाकडून बिर्ला कुटुंबाकडे एक घटना, बिर्ला कुटुंबाकडून संग्रहालयाकडे दुसरी घटना, अशी साखळी तयार होते. विशेष म्हणजे मालकीचे हस्तांतर आणि ताब्याचे हस्तांतर हे या प्रतिमानात दोन भिन्न वर्ग आहेत. एका शासकीय परिषदेकडून दुसऱ्या परिषदेकडे संस्था सोपविली जाते, तेव्हा हा भेद कायदा आणि हिशेब या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा ठरतो. एखादी वस्तू कर्जाऊ दिली, दुरुस्तीसाठी पाठविली किंवा कायमची दान केली, हे भेदही त्यातून स्पष्ट राहतात. चोरीस गेलेल्या मूर्तींचा माग काढताना ताब्याची अशी अखंड साखळीच पुरावा म्हणून उपयोगी पडते.

या सामर्थ्याची किंमतही मोजावी लागते. जेथे डब्लिन कोअरमध्ये एक ओळ पुरते, तेथे या प्रतिमानात आठ-दहा त्रिपदे लिहावी लागतात. प्रशिक्षित मनुष्यबळ नसलेल्या जिल्हा संग्रहालयाला हे झेपत नाही. म्हणून नोंद भरण्याचे पत्रक सोपे ठेवून मागील बाजूस आज्ञावलीने त्याचे रूपांतर सायडॉकमध्ये करावे, हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

विकिडेटा आणि स्कॉस : जोडणारे दुवे

ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा हा सर्वांना खुला असलेला ज्ञानसाठा आहे. त्यात प्रत्येक वस्तूला भाषानिरपेक्ष ओळखक्रमांक असतो आणि त्या क्रमांकाला शेकडो भाषांतील नावे जोडता येतात. विधानाला ‘या वर्षापासून’, ‘या वर्षापर्यंत’ अशी मर्यादाही घालता येते. त्यामुळे तिसऱ्या व पाचव्या प्रश्नांच्या बाबतीत तो उपयुक्त ठरतो. तथापि त्याची वर्गरचना स्वयंसेवकांच्या सहमतीने बदलत राहते. म्हणून त्याचा वापर संस्थांच्या नोंदी जोडणारा दुवा म्हणून करावा आणि मूळ अधिकृत नोंद संस्थेने आपल्याकडेच ठेवावी, हे श्रेयस्कर.

‘स्कॉस’ हे २००९ मध्ये मान्य झालेले मानक पारिभाषिक कोशांसाठी आहे. एका संकल्पनेला प्रत्येक भाषेत एक मुख्य संज्ञा आणि कितीही पर्यायी संज्ञा देण्याची त्यात सोय आहे. दोन कोशांतील संकल्पना ‘तंतोतंत समान’ की ‘जवळपास समान’ हा भेदही त्यात नोंदविता येतो. हा भेद वरवर किरकोळ वाटतो, पण पुढील विवेचनावरून त्याचे महत्त्व ध्यानात येईल.

समानतेचा सापळा

दोन नोंदी ‘एकच’ आहेत असे घोषित करण्यासाठी आउल भाषेत एक संबंध आहे. तो वापरताच पहिल्या नोंदीविषयीचे प्रत्येक विधान दुसरीलाही लागू होते. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याने ‘बिर्ला पार्क ही वास्तू’ आणि ‘बिर्ला संग्रहालय ही संस्था’ यांना एकच ठरविले. मग वास्तू ठाकूर कुटुंबाची मालमत्ता असलेल्या जागेवर आहे आणि संस्था १९५९ मध्ये सुरू झाली, ही दोन्ही विधाने एकत्र येतात. वास्तूचाच प्रारंभ १९५९ मध्ये झाला किंवा संग्रहालय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बिर्ला कुटुंबाचे निवासस्थान होते, असे चुकीचे निष्कर्ष यंत्र निमूटपणे काढील. वास्तू, तीत वसलेली संस्था आणि ज्या भूखंडावर ती उभी आहे तो भूखंड, या तीन वेगळ्या वस्तू आहेत. चांगली ऑन्टॉलॉजी हा भेद करण्यास भाग पाडते.

‘गुरुसदय’ या नावाचेही तसेच आहे. व्यक्ती, रस्ता आणि जोका येथील संग्रहालय यांचा परस्परसंबंध ‘समान’ हा नसून ‘यांच्यावरून नाव दिले’ हा आहे. नोंद भरताना कोणी चुकून रस्त्याला जन्मवर्ष दिले तर काय होईल? सामान्य डेटाबेस ती चूक अडवील, अशी अपेक्षा असते. सिमँटिक वेबचे तर्कशास्त्र मात्र निराळे आहे. ‘जन्मवर्ष असणारी प्रत्येक वस्तू व्यक्ती असते’ असा नियम असल्यास यंत्र तक्रार न करता रस्ता ही एक व्यक्ती आहे, असा निष्कर्ष काढते. ‘व्यक्ती आणि रस्ता हे परस्परवर्जित वर्ग आहेत’ असे ऑन्टॉलॉजीत स्पष्टपणे लिहिले असेल, तरच विसंगती उघड होते. म्हणून ऑन्टॉलॉजींची तुलना करताना वर्गांच्या संख्येइतकेच अशा निर्बंधांकडेही लक्ष द्यावयास हवे.

याच तर्कशास्त्राचा आणखी एक विशेष म्हणजे ‘खुल्या जगाचे’ गृहीतक. नोंद नाही म्हणजे ती गोष्ट घडलीच नाही, असे येथे मानले जात नाही. इतिहासाच्या अपूर्ण साधनांसाठी हे योग्यच आहे. परंतु शासकीय योजनेच्या लाभार्थ्यांच्या यादीसारख्या ठिकाणी, जेथे यादीत नाव नसणे याला निश्चित अर्थ असतो, तेथे हे गृहीतक गैरसोयीचे ठरू शकते.

तर्काचा वेग हाही निकष महत्त्वाचा आहे. नियम जितके समृद्ध, तितका निष्कर्षाला लागणारा वेळ अधिक. म्हणून २००९ च्या आउल आवृत्तीत तीन मर्यादित उपप्रकार दिले आहेत. त्यांतील ‘ईएल’ हा उपप्रकार प्रचंड शब्दसंग्रहांसाठी उपयुक्त आहे. साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना असलेला ‘स्नोमेड सीटी’ हा वैद्यकीय शब्दसंग्रह त्याचे ठळक उदाहरण आहे.

भाषेची कसोटी

बहुभाषिक देशात ऑन्टॉलॉजीची खरी परीक्षा भाषेपाशी होते. बालीगंज हे नाव मराठीत ‘बालीगंज’, ‘बालिगंज’ आणि ‘बॅलीगंज’ अशा रूपांत लिहिले जाते. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव २००१ मध्ये कलकत्त्याचे कोलकाता झाले. जुन्या मराठी ग्रंथांत ‘कलकत्ता’च आढळतो. नावांच्या या रूपांना केवळ चुका मानून चालत नाही, तर ती पर्यायी संज्ञा म्हणून जतन करावी लागतात. अन्यथा जुन्या कागदपत्रांपर्यंत जाण्याचा मार्गच बंद होतो.

ध्वनिसाम्यावर विसंबणेही धोक्याचे आहे. बालीगंज सर्क्युलर रोडवर कलकत्ता विद्यापीठाचे ‘तारकनाथ पालित शिक्षा प्रांगण’ आहे. बंगालीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत मात्र दंड. बंगाली ‘बाडी’ म्हणजे घर, तर मराठी ‘वाडी’ म्हणजे लहान वस्ती किंवा बाग. शब्दांचे साम्य पाहून संकल्पना जुळविणारी आज्ञावली येथे हमखास फसेल. याउलट शब्दांऐवजी संकल्पनांना क्रमांक देणारी रचना या दोषापासून मुक्त राहते. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत हिंदी व मराठी शब्दजालांचे काम झाले आणि विविध संस्थांच्या सहभागातून ‘इंडो-वर्डनेट’ साकारले. त्यात एका संकल्पनेचे मराठी, बंगाली व इतर भाषांतील शब्दसमूह एकाच क्रमांकाने जोडलेले आहेत. शब्दजाल हे ऑन्टॉलॉजीचे स्थान घेऊ शकत नाही, परंतु तिला भारतीय भाषांचा आधार देऊ शकते.

महाराष्ट्रालाही याची प्रचिती आलेली आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव असे नामांतर झाले. जुन्या नावाने भरलेली आकडेवारी नव्या नावाशी जोडण्याचे काम स्थानाला नावापासून स्वतंत्र असा ओळखक्रमांक असल्यास सुलभ होते. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची ‘स्थानिक शासन निर्देशिका’ गावांना व इतर प्रशासकीय घटकांना असे संकेतांक देते. कोणत्याही नव्या ऑन्टॉलॉजीने स्थानांसाठी स्वतःचे क्रमांक न शोधता हे संकेतांक स्वीकारावेत, हे योग्य.

जुळणीचे मोजमाप

दोन संस्थांनी दोन भिन्न ऑन्टॉलॉजी स्वीकारल्या असतील, तर त्यांच्यातील संकल्पनांची जुळणी करावी लागते. हे काम करणाऱ्या आज्ञावलींची पारख करण्यासाठी २००४ पासून ‘ऑन्टॉलॉजी जुळणी मूल्यमापन उपक्रम’ आंतरराष्ट्रीय पातळीवर चालविला जातो. त्यात दोन मापे प्रमुख असतात. समजा, तज्ज्ञांच्या मते दोन ऑन्टॉलॉजींत ७५ जोड्या खरोखर जुळणाऱ्या आहेत. आज्ञावलीने ८० जोड्या सुचविल्या आणि त्यांपैकी ६० बरोबर निघाल्या. सुचविलेल्यांपैकी बरोबर किती, हे प्रमाण ७५ टक्के झाले. याला अचूकता म्हणतात. खऱ्या जोड्यांपैकी सापडल्या किती, हे प्रमाण ८० टक्के झाले. याला व्यापकता म्हणतात.

कोणत्या मापाला महत्त्व द्यावे, हे उपयोगावर अवलंबून असते. अभ्यासकासाठी शोधसुविधा असेल, तर थोड्या चुकीच्या नोंदी आल्या तरी चालतात, पण एखादीही सुटू नये. मालकीहक्क किंवा औषधोपचार यांविषयीच्या प्रणालीत मात्र एक चुकीची जोडीही महागात पडते. तेथे अचूकता सर्वोपरी ठरते आणि यंत्राने सुचविलेली प्रत्येक जोडी तज्ज्ञाने तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाही.

भारतातील प्रयत्न

या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदान उल्लेखनीय आहे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजे सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही आज्ञावली विकसित केली. तिच्या साहाय्याने राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे भारतीय संग्रहालय व व्हिक्टोरिया मेमोरियल यांसारख्या संस्थांचे संग्रह एकत्र दाखविणारे ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हे पोर्टल २०१४ मध्ये सुरू झाले. स्नोमेड सीटीसह आरोग्यनोंदींच्या मानकांसाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्रही पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. खरगपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने साकारलेले ‘राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय’ २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. विविध संस्थांच्या भिन्न मेटाडेटाला एका चौकटीत आणण्याचा तो व्यापक प्रयत्न होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वांसाठी एकच ऑन्टॉलॉजी असावी, हा आग्रह व्यवहार्य नाही. बालीगंजमध्येच पाहावयाचे तर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला लागणारी रचना आणि तंत्रविज्ञान संग्रहालयाला लागणारी रचना यांत मोठे अंतर आहे. वनस्पतीच्या नमुन्यासाठी शास्त्रीय नाव, संकलनाचे ठिकाण, दिनांक आणि संकलक यांची नोंद करणारे ‘डार्विन कोअर’ हे मानक योग्य ठरते, तर वाफेच्या इंजिनासाठी त्याचा उपयोग नाही. दोन्ही नोंदी जेथे एकत्र येतात ते बिंदू म्हणजे स्थान, काल आणि व्यक्ती. विषयवार रचना भिन्न असाव्यात आणि हे तीन सामाईक बिंदू मात्र एकाच ओळखक्रमांकाने बांधलेले असावेत, हे धोरण विविधता व एकवाक्यता या दोहोंचा मेळ घालते.

निवडीची कार्यपद्धती

वरील विवेचनावरून संस्थांना उपयोगी पडेल अशी कार्यपद्धती सांगता येते. प्रथम वापरकर्त्यांचे क्षमता-प्रश्न लिहून काढावेत आणि त्यात अभ्यासक, सामान्य नागरिक व प्रशासन या तिन्ही घटकांचा समावेश असावा. त्यानंतर प्रत्येक संभाव्य ऑन्टॉलॉजीत प्रत्यक्ष वीस-पंचवीस नोंदी मांडून पाहाव्यात. त्या निवडताना नामांतर, हस्तांतर, शंकास्पद काळ अशा अवघड नोंदी मुद्दाम घ्याव्यात, कारण सोप्या नोंदी कोणत्याही रचनेत बसतात. किती प्रश्नांची उत्तरे मिळाली, एका नोंदीस किती वेळ लागला आणि दोन कर्मचाऱ्यांनी एकच वस्तू एकाच प्रकारे नोंदविली काय, या तीन गोष्टी तपासाव्यात.

ऑन्टॉलॉजीची देखभाल कोण करते, तिच्या आवृत्त्या नियमित निघतात काय आणि परवाना खुला आहे काय, हेही पाहणे आवश्यक आहे. जनुकांच्या कार्याचे वर्णन करणारी ‘जीन ऑन्टॉलॉजी’ १९९८ पासून आजतागायत उपयुक्त राहिली, याचे श्रेय तिच्या रचनेइतकेच तिची सातत्याने निगा राखणाऱ्या समूहाला आहे. प्रकल्पाचा निधी संपताच बेवारस झालेली ऑन्टॉलॉजी कितीही सुरेख असली तरी तिच्यावर सार्वजनिक माहितीचा डोलारा उभा करणे शहाणपणाचे नाही.

बालीगंजच्या वास्तूबाबत हे निकष लावल्यास उत्तर एका नावात मिळत नाही. मूळ नोंदीसाठी सायडॉक, शोधयंत्रांसाठी स्कीमा डॉट ऑर्ग, संज्ञांसाठी स्कॉस आणि संस्थांमधील दुव्यासाठी विकिडेटा, अशी कामाची विभागणी अधिक हितावह ठरते. साताऱ्यातील एखादा विद्यार्थी सत्येंद्रनाथ ठाकुरांविषयी मराठीत शोध घेईल, तेव्हा त्याला बंगालीतील ग्रंथ, इंग्रजीतील शासकीय नोंदी आणि बालीगंजचा नकाशा एकाच ठिकाणी मिळावा, ही अपेक्षा आजच्या तंत्रज्ञानाच्या आवाक्यातील आहे. ती सफल होण्यासाठी ऑन्टॉलॉजीची निवड नोंदी भरण्यापूर्वी, प्रत्यक्ष प्रश्नांच्या कसोटीवर आणि भारतीय भाषांचा विचार करून झाली पाहिजे.